६२५ मधले १२५ कशासाठी?

दाढ ठणकली, सायनस भरलं, कुत्रं चावलं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक आकडा हमखास दिसतो: ६२५. मेडिकलवालाही औषधाचं नाव पुरतं वाचत नाही, "सहाशे पंचवीस ना?" म्हणत पट्टी काढून देतो. ऑगमेंटिन असो की दुसऱ्या एखाद्या कंपनीची गोळी, पट्टीमागचा बारीक मजकूर वाचला की आकड्याचा हिशोब लागतो. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. पहिलं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. दुसऱ्यापाशी जीभ अडखळते आणि वाचणाराही तिथेच थांबतो.

खरी मजा त्या दुसऱ्या नावात आहे. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकटं घेतलं तर आजार बरा होण्याची आशा फारशी नाही, कारण जंतू मारायची त्याची स्वतःची ताकद अगदीच बेताची. गोळीत ते आहे ते अमॉक्सिसिलिनच्या बचावासाठी. आणि ते बनवतो मातीतला एक जिवाणू. आजही ते मोठमोठ्या टाक्यांत तो जिवाणू वाढवूनच काढलं जातं.

बचाव कुणापासून आणि कसा, हे कळलं की ही गोळी कधी उपयोगाची आणि कधी उगाच घेतलेली, हेही आपोआप कळतं.

आधी एन्झाइमचं बघू

सजीवांच्या पेशीत जी रासायनिक कामं चालतात, ती उरकणारी प्रथिनं म्हणजे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं. एक रेणू धरायचा, तोडायचा किंवा जोडायचा, सोडायचा, की पुढचा धरायचा. काम करून ते स्वतः झिजत नाही.

घरातला अडकित्ता डोळ्यांपुढे आणा. खोबणीत सुपारी बसते, कापली जाते, खाली पडते, अडकित्ता पुढच्या सुपारीला मोकळा. आता हुबेहूब सुपारीसारखं दिसणारं, पण कापल्याबरोबर आतून फणसाचा चीक सोडणारं काहीतरी त्यात ठेवलं तर? पाती एकमेकांना चिकटून बसतील आणि खरी सुपारी तशीच राहील. एन्झाइमचं काम असं अडवणाऱ्या पदार्थाला रोधक म्हणतात. सगळेच रोधक चिकाचे नसतात. काही नुसतेच खोबणीत बसून जागा अडवतात आणि थोड्या वेळाने निघून जातात. हा फरक पुढे मधुमेहाच्या गोळीपाशी लागणार आहे.

पेनिसिलिन हाही रोधकच

जिवाणूच्या पेशीभोवती एक जाळीदार भिंत असते. आतला दाब बराच असतो, त्यामुळे भिंत कच्ची राहिली की पेशी फुटते. या जाळीचे धागे एकमेकांना जोडायचं काम एका एन्झाइमकडे असतं. पेनिसिलिनच्या रेणूचा आकार त्या धाग्याच्या टोकासारखा असतो. एन्झाइम फसतं, धागा समजून पेनिसिलिनला धरतं आणि तिथेच अडकून पडतं. वाढणारा जिवाणू भिंतीविना फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला या मारामारीची झळ फारशी लागत नाही.

पेनिसिलिनचा सगळा जोर त्याच्या मधल्या चार अणूंच्या एका ताणलेल्या कड्यात असतो. त्याला बीटा-लॅक्टम कडं म्हणतात. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनचंच भावंड, त्यामुळे तेच कडं त्याच्यातही आहे. कडं तुटलं की औषध संपलं.

कडं कापणारा अडकित्ता

आणि नेमकं ते कडं कापणारं एन्झाइम पुष्कळ जिवाणूंकडे असतं. त्याचं नाव बीटा-लॅक्टमेज. ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणारं जिवाणूंचं एन्झाइम १९४० मध्येच जाहीर केलं होतं. त्याच ऑक्सफर्डमध्ये संसर्ग झालेल्या पहिल्या माणसावर पेनिसिलिन टोचून उपचार झाले ते १९४१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे औषध पेशंटपर्यंत पोचायच्या आधीच त्याचा तोड सापडलेला होता! "आपण औषधं खाल्ली म्हणून जिवाणू हुशार झाले" हे आपण सर्रास म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. हत्यार त्यांच्याकडे आधीपासून होतं. आपण औषधांचा मारा केला आणि ज्यांच्याकडे हत्यार होतं तेवढेच मागे उरले.

उरले तेही झपाट्याने. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. पुढे १९६० च्या दशकात अथेन्समधल्या एका रुग्णाच्या नमुन्यात टेम-१ हे बीटा-लॅक्टमेज सापडलं. टेम ही त्या रुग्णाच्या नावातली सुरुवातीची अक्षरं. या एन्झाइमची जनुकं अशा सुट्या डीएनए तुकड्यावर असतात, की एक जिवाणू तो दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा. पाहता पाहता टेम-१ जगभर पसरलं.

इंग्लंडमधल्या काचेच्या बशा

यावर दोन मार्ग होते. एक म्हणजे औषधाचा आकार असा बदलायचा की अडकित्त्यात ते बसूच नये. इंग्लंडच्या बीचम कंपनीने मेथिसिलिन काढलं ते याच वाटेने. दुसरा मार्ग म्हणजे अडकित्ताच बंद पाडायचा. सरे परगण्यातल्या ब्रॉकहॅम पार्क इथल्या बीचमच्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस या दुसऱ्या वाटेने शोध सुरू झाला. कंपनीला त्यात स्वतःचा स्वार्थही होता, आणि तो लपवण्यासारखा नाही. ॲम्पिसिलिन त्यांचं, पुढे १९७२ मध्ये बाजारात आलेलं अमॉक्सिसिलिनही त्यांचंच. जिवाणू कापत होते ते त्यांचाच माल.

शोधायची रीत मला फार आवडते. काचेच्या उथळ बशीत खळीसारखा घट्ट थर. त्यात क्लेब्सिएला नावाचा, बीटा-लॅक्टमेज बनवणारा जिवाणू मिसळलेला. सोबत पेनिसिलिनही घातलेलं. क्लेब्सिएला ते पेनिसिलिन कापून टाकतो आणि निर्धास्त वाढतो, त्यामुळे बशी गढूळ दिसते. आता थरात छोटी भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात मातीतल्या एकेका जिवाणूच्या पाण्याचे थेंब टाकायचे. त्या पाण्यात रोधक असेल तर तो भोकाभोवती पसरतो, तिथला अडकित्ता बंद पडतो, पेनिसिलिन वाचतं आणि त्या वर्तुळातला क्लेब्सिएला मरतो. गढूळ बशीत भोकाभोवती एक स्वच्छ कडी उमटते. पेनिसिलिन न घातलेल्या बशीत तेच थेंब टाकून कडी उमटली नाही, तर खात्री पटते की थेंबांत जंतुनाशक नाही, पेनिसिलिनला जीवदान देणारं काहीतरी आहे.

अशी कडी उमटवणाऱ्यांत एक होता स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस. हा दक्षिण अमेरिकेतल्या मातीतून आलेला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं, पण वेगळ्याच अँटिबायोटिकांसाठी. त्याच्या पाण्यात आणखी काय दडलंय ते बीचमला दिसलं. १९७६-७७ मध्ये क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचे निबंध छापून आले आणि १९८१ मध्ये अमॉक्सिसिलिनसोबतची गोळी ब्रिटनमध्ये विकायला आली.

चीक सुटतो कसा

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या रेणूतही तेच चार अणूंचं कडं आहे. बीटा-लॅक्टमेजला ते नेहमीचं गिऱ्हाईक वाटतं. कडं कापताना एन्झाइम क्षणभर त्या रेणूशी रासायनिक बंधाने जोडलं जातं. पेनिसिलिनच्या बाबतीत हा बंध लगेच सुटतो. इथे मात्र कापलं गेल्यावर उरलेला रेणू आतल्या आत रचना बदलतो, एन्झाइमच्या दुसऱ्या एका भागालाही धरतो आणि सुटत नाही. एन्झाइमने स्वतःच्या हाताने कापलं नसतं तर हे घडलंच नसतं. म्हणून शास्त्रज्ञ याला आत्मघाती रोधक म्हणतात.

दर वेळी डाव साधतोच असं नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचे काही रेणू न चिकटता नुसतेच कापले जातात आणि वाया जातात. म्हणूनच ते पुरेशा प्रमाणात लागतं. आणखी एक योग जुळून आलेला आहे. रक्तातलं अमॉक्सिसिलिन निम्म्यावर यायला साधारण तासभर लागतो, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडलाही जवळपास तेवढाच. राखणदार आधीच निघून गेला असता तर जोडी जमली नसती.

"पण जिवाणूच जिवाणूंच्या विरोधात औषध का बनवेल?"

हा प्रश्न बरेच जण विचारतात. त्यात गृहीत धरलेलं असतं की जिवाणू म्हणजे सगळी एकच जमात. तसं नाही. चिमूटभर मातीत असंख्य जातींचे जिवाणू एकाच अन्नावर टपलेले असतात. त्यात स्ट्रेप्टोमायसिस मंडळी रसायनं बनवण्यात फार पुढे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास मुख्यतः यांच्याच एका रसायनाचा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढलं गेलं, आणि त्या जिवाणूला नावही मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हमायसिनचा रोधकांशी संबंध नाही, पण घराणं तेच.

क्लॅव्ह्युलिजेरसची गंमत याच्याही पुढची आहे. हा जिवाणू सेफामायसिन सी नावाचं, बीटा-लॅक्टम कडं असलेलं अँटिबायोटिकही बनवतो. ते बनवणारी जनुकं आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जनुकं त्याच्या डीएनएवर शेजारी-शेजारी आहेत, आणि एकच नियंत्रक प्रथिन दोन्हींचं उत्पादन सुरू करतं. अँटिबायोटिक आणि रोधक एकत्र देण्याची कल्पना आपली, असं आपण समजत होतो!

यावर शंका घेणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा कच्चा नाही. सेफामायसिन सी हे स्वतःच बऱ्याच बीटा-लॅक्टमेजना पुरून उरतं, मग त्याला राखणदार कशाला? शिवाय हाच जिवाणू बीटा-लॅक्टमेज अडवणारं एक वेगळं प्रथिनही बनवतो. मातीत या साऱ्याचा नेमका उपयोग काय, यावर वाद चालू आहे. मला विचाराल तर शेजारची जनुकं आणि सामाईक नियंत्रण हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही.

"मग साध्या अमॉक्सिसिलिनऐवजी नेहमी हेच का देऊ नये?"

कारण समोरच्या जिवाणूकडे अडकित्ताच नसेल तर १२५ मिलिग्रॅम फुकट. लहान मुलांचा घसा ज्या स्ट्रेप्टोकॉकसमुळे पिकतो, तो बीटा-लॅक्टमेज बनवत नाही. त्याला साधं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन आजही पुरतं. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस औषधाला जुमानत नसेल तर त्याचं कारणही वेगळं असतं. त्याने भिंत जोडणाऱ्या मूळ एन्झाइमचाच आकार बदललेला असतो. रुग्णालयात धास्ती घेतात त्या एमआरएसए या स्टॅफिलोकॉकसचंही तसंच, पेनिसिलिन ज्यात अडकत नाही असं भिंतीचं दुसरंच एन्झाइम त्याच्याकडे असतं. अडकित्ता बंद पाडून तिथे काय मिळणार? आणि सर्दी-पडसं, फ्लू, डेंग्यू हे तर विषाणूंचे आजार. तिथे ५०० ही वाया आणि १२५ ही.

कामाला येतं ते जिथे बीटा-लॅक्टमेज बनवणारे जंतू असण्याची शक्यता दाट असते तिथे. सायनस आणि कानाच्या काही संसर्गांत सापडणारा हिमोफिलस, त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस, कुत्र्या-मांजराच्या किंवा माणसाच्या चाव्यातली जंतूंची सरमिसळ. कुत्रं चावल्यावर हे औषध दिलं जातं ते यासाठी. रेबीजच्या लसीची जागा ते घेत नाही, हे वेगळं सांगायला हवंच.

फुकटच्या १२५ ची किंमत मात्र मोजावी लागते. ही गोळी घेतल्यावर पोट बिघडतं ते बरंचसं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे, म्हणून ती जेवणाच्या सुरुवातीला घ्यायला सांगतात. क्वचित यकृताला इजा होऊन कावीळ होते. औषधांमुळे यकृत बिघडण्याच्या कारणांत ही जोडी जगभर वरच्या क्रमांकावर आहे, आणि त्रास गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतो. वयस्क पुरुषांत तो जास्त आढळतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. पट्टीवरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नका हेच सांगते, पण ती बघतो कोण!

दोन ३७५ म्हणजे एक मोठी गोळी नव्हे

घराघरांत चालणारा एक हिशोब इथेच खोडून काढू. ३७५ च्या गोळीत २५० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. ६२५ मध्ये ५०० आणि १२५. एक ग्रॅमच्या गोळीत ८७५ आणि पुन्हा १२५. राखणदार सगळीकडे तेवढाच. "६२५ मिळाली नाही, ३७५ च्या दोन घेतो" म्हणणाऱ्याच्या पोटात अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० जातं, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट, म्हणजे २५०. मग दिवसभर फेऱ्या.

या पदार्थाला ओलही सोसत नाही. म्हणून गोळ्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत येतात. त्या सोलून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नयेत, हवी तेव्हाच पट्टी फोडावी. लहान मुलांचं औषध कोरड्या पुडीच्या रूपात बाटलीत येतं ते त्यामुळेच. खुणेपर्यंत पाणी घालून हलवलं की ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. "अर्धी बाटली आहे, पुढच्या तापाला होईल" हा काटकसरीपणा इथे चालत नाही.

मधुमेहाच्या गोळीतही मातीच

जिवाणूंचे रोधक फक्त जंतूंशी लढायलाच लागतात असं नाही. ॲक्टिनोप्लेनिस नावाच्या जिवाणूपासून मिळणारं अकार्बोज जर्मनीत १९९० मध्ये मधुमेहासाठी बाजारात आलं. जपानच्या ताकेदा कंपनीचं व्होग्लिबोज स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीपासून मिळणाऱ्या रेणूत थोडा बदल करून केलेलं. आपल्याकडे मधुमेहाच्या दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत ते नेहमी दिसतं.

हे दोघे चिकाचे नव्हेत, नुसतेच जागा अडवणारे. आतड्यात पिष्ट आणि साखर तोडणाऱ्या एन्झाइमच्या खोबणीत ते काही काळ बसतात, त्यामुळे भात-भाकरीतली साखर रक्तात सावकाश उतरते. न पचलेलं पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतं आणि गॅस होतो. ही तक्रार घेऊन येणारे बरेच जण गोळीऐवजी वाटाण्याला दोष देतात.

एक गोष्ट मात्र अशा पेशंटच्या घरच्यांना ठाऊक असायलाच हवी. सोबतच्या दुसऱ्या औषधाने रक्तातली साखर एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर आपण चमचाभर साखर नाहीतर गुळाचा खडा तोंडात घालतो. पण साध्या साखरेचा रेणू आधी तुटावा लागतो, आणि तोडणारं एन्झाइमच गोळीने अडवून ठेवलेलं असतं. तिथे ग्लुकोजची पावडर लागते. ती तोडावी लागत नाही, थेट रक्तात जाते.

जस्तवाला अडकित्ता

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा पाठपुरावा माणसाने पुढे केला. सल्बॅक्टम आणि टॅझोबॅक्टम हे प्रयोगशाळेत घडवलेले रोधक आले. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर "पिपटॅझ" हा शब्द पडतो, त्यातला टॅझ हाच. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रात वोक्हार्टने झिडेबॅक्टम घडवलं. मूळ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या आयातीवरचं अवलंबन कमी व्हावं म्हणून केंद्र सरकारने २०२० च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत त्याचा समावेश केला.

दुसऱ्या बाजूला जिवाणूही थांबलेले नाहीत. काहींच्या टेममध्ये असे बदल झाले की क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आता त्यात नीट अडकत नाही. काही जण एन्झाइम इतकं भरमसाट बनवतात की राखणदार कमी पडतो. त्याहून अवघड आहे ते एनडीएम-१ नावाचं बीटा-लॅक्टमेज. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते २००८ मध्ये सापडलं. नावात नवी दिल्ली घातल्यामुळे पुढे आपल्याकडे बराच गदारोळ झाला.

एनडीएमच्या पात्यांत जस्ताचे अणू असतात. कडं कापताना ते रेणूशी बंध जोडतच नाही, जस्ताने तयार केलेल्या पाण्याकडून काम करून घेतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा डाव त्या क्षणभराच्या बंधावर अवलंबून, त्यामुळे चीक चिकटायला जागाच मिळत नाही. अशा पेशंटना डॉक्टर सध्या एक वाकडी वाट वापरतात. अझ्ट्रिओनाम हे जुनं औषध एनडीएमला कापता येत नाही, पण त्याच जिवाणूकडची इतर बीटा-लॅक्टमेज ते कापतात. म्हणून त्याच्याबरोबर अविबॅक्टम हा रोधक देतात, म्हणजे इतरांचा बंदोबस्त होतो.

थेट एनडीएमला अडवणारा एक पदार्थ २०१४ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने जाहीर केला. त्याचं नाव ॲस्परजिलोमॅरास्मिन ए. तो एन्झाइममधलं जस्तच काढून घेतो. एनडीएमवाल्या क्लेब्सिएलाने आजारी पडलेल्या उंदरांना तो मेरोपेनेम या बीटा-लॅक्टम अँटिबायोटिकबरोबर दिला तेव्हा मेरोपेनेम पुन्हा लागू पडलं. माणसांसाठीचं औषध म्हणून तो अजून आलेला नाही. तो बनवते एक बुरशी, आणि ती सापडली कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या मातीच्या नमुन्यात.